बांधीतले उंच धान

ऑक्टोबर महिन्यात कधी भंडारा जिल्ह्यात जाण्याचा योग आला, तर रस्त्याच्या कडेला घटकाभर थांबा. पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी, कोणताही तालुका असो, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतील. (कोकणात ज्या पिकाला भात म्हणतात त्याला येथे धान म्हणतात, आणि खाचराला बांधी. आपणही या लेखात हेच शब्द वापरू.) लोंब्या बाहेर पडलेल्या असतात, दाणा भरत आलेला असतो, आणि सगळी बांधी वरून फळी फिरवावी तशी सपाट दिसते. परंतु जरा नीट पाहिले, तर त्या सपाटीतून मधेच एखादे झाड हातभर वर डोके काढून उभे असलेले आढळते.

बांधीच्या मालकाला विचारा. तो म्हणेल, "भेसळ आहे, दुसरे काय!" आणि धुऱ्यावरून उतरून ते झाड उपटून टाकील. त्याचे करणे योग्यच आहे. पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी असल्यामुळे आपल्याला पुढचा प्रश्न पडला पाहिजे. हे उंच झाड आले कोठून? ते खरोखरच भेसळ आहे, की ठेंगू धानाच्याच पोटी उंच लेकरू जन्मले आहे?

या प्रश्नाचे उत्तर त्याच झाडाच्या दाण्यांत दडलेले असते. ते काढून घेण्याची युक्ती पाहण्यापूर्वी धान ठेंगू कसे झाले, हे समजून घेऊ.

आजोबांच्या काळातले धान

तुमच्या आजोबांना किंवा पणजोबांना आठवत असलेले धान आजच्यासारखे नव्हते. लुचई, दुबराज, चिन्नोर अशा जुन्या जाती माणसाच्या छातीपर्यंत वाढत. दीड मीटर उंची ही त्यांच्या दृष्टीने नेहमीची गोष्ट. बांधीत पाणी जास्त साचले तरी झाड बुडत नसे, आणि मळणीनंतर गुरांसाठी भरपूर तणस मिळे. मात्र या उंचीत एक मोठी उणीव होती. शेतात नत्रयुक्त खत टाकले की झाड आणखीच वाढे, लोंबी जड होई, आणि परतीच्या पावसाची एक सर वाऱ्यासह आली की सगळे पीक लोळून चिखलात पडे. चिखलात पडलेला दाणा कधी काळा पडे, कधी जागच्या जागी त्याला मोड येत. म्हणजे खत घालावे तर पीक लोळते, न घालावे तर दाणा कमी. अशा पेचात शेतकरी सापडलेला होता.

शिवाय उंच झाड आपल्या कमाईचा मोठा भाग काडीवर खर्च करते. जमिनीवरच्या एकूण वाळलेल्या वजनात दाण्याचा वाटा जुन्या उंच जातींत साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असे. ठेंगू जातींत तो जवळजवळ निम्म्यावर गेला. ठेंगू धान जास्त पिकते याचे कारण ते जास्त अन्न तयार करते असे नव्हे. तयार झालेल्या अन्नाची वाटणी ते वेगळी करते, आणि खत दिले तरी उभे राहते.

आखूड पायांचे धान

या ठेंगूपणाचे मूळ आपल्याकडे नाही. चीन-तैवान भागात 'डी-जिओ-वू-जेन' या नावाची एक जुनी जात होती. या नावाचा अर्थच 'आखूड पायांचे, काळ्या टोकाचे' असा आहे. तैवानमध्ये तिचा दुसऱ्या एका जातीशी संकर करून 'ताइचुंग नेटिव्ह-१' ही जात काढली गेली व १९५६ मध्ये शेतकऱ्यांना देण्यात आली. पुढे १९६२ साली फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी इंडोनेशियाच्या 'पेटा' या उंच जातीचा संकर याच आखूड पायांच्या धानाशी केला. तो त्यांचा आठवा संकर होता. त्यातून १३० दाणे मिळाले.

हे दाणे पेरल्यावर आलेली सर्व झाडे उंच निघाली! एखाद्याने तेथेच निराश होऊन काम सोडले असते. परंतु जेनिंग्ज यांना मेंडेलचा वाटाणा ठाऊक होता. त्यांनी त्या उंच झाडांचे बी पुन्हा पेरले. या दुसऱ्या पिढीत सुमारे १०,००० झाडे होती, आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश ठेंगू होती. उंच झाडे बाजूला काढून ठेंगूंतून निवड करीत जाता जाता हेन्री बीचेल यांनी जे वाण हाती घेतले, तेच १९६६ च्या नोव्हेंबरात 'आय.आर. ८' या नावाने जगापुढे आले. भारतात हैदराबादच्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाने ताइचुंग नेटिव्ह-१ चा संकर 'टी १४१' या उंच जातीशी करून १९६८ मध्ये 'जया' दिली. आज भंडारा-गोंदियाकडे ज्याला नुसते 'एक हजार दहा' म्हणतात, त्या एम.टी.यू. १०१० चा एक जनक आय.आर. ६४ आहे. त्याचा ठेंगूपणाही त्याच आखूड पायांच्या पूर्वजाकडून आलेला आहे. म्हणजे दिसायला नाना जाती असल्या, तरी बहुतेकांच्या अंगात ठेंगूपणाचा जनुक एकच.

तीनास एक

आता थोडे मेंडेलकडे वळू. त्याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उंच व ठेंगू वाटाण्याच्या संकराची दुसरी पिढी मोजली आहे: ७८७ उंच आणि २७७ ठेंगू, म्हणजे साधारण तीनास एक. धानातही हेच घडते.

प्रत्येक झाडात उंचीच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात; एक आईकडून आलेली, एक बापाकडून. उंच करणाऱ्या प्रतीला आपण 'उ' म्हणू आणि ठेंगू करणाऱ्या प्रतीला 'ठ'. (इंग्रजी पुस्तकांत यासाठी मोठे व लहान अक्षर वापरतात. आपल्या लिपीत तशी सोय नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.) उंच शुद्ध जात म्हणजे उउ, ठेंगू शुद्ध जात म्हणजे ठठ. दोहोंचा संकर उठ. 'उ' प्रभावी असल्यामुळे उठ झाड उंच दिसते. 'ठ' अप्रभावी असल्यामुळे त्यात लपून राहतो. उठ झाडाचे स्वपरागण झाले की पुढील पिढीत एक भाग उउ, दोन भाग उठ आणि एक भाग ठठ. पहिले तीन भाग उंच, शेवटचा एक ठेंगू.

प्रत्यक्ष शेतात सगळी उंच झाडे सारख्या उंचीची नसतात हे मात्र ध्यानात ठेवा. उंचीवर परिणाम करणारे लहानसहान जनुक आणखी पुष्कळ आहेत. शिवाय जमीन, पाणी, खत यांचा परिणाम वेगळाच. तरीदेखील झाडे मोजून आलेख काढला, तर उंचांचा एक ढीग व ठेंगूंचा एक ढीग असे दोन ढीग बहुधा वेगळे दिसतात.

काडी आखूड का राहते?

याचे उत्तर एका रोगाने दिले, हे सांगितले तर नवल वाटेल. धानाच्या पऱ्ह्यांना एक बुरशी लागते. रोगट रोप एकाएकी उंच, पातळ आणि फिकट होते व पुष्कळदा मरते. जगले तर त्याला धड दाणा भरत नाही. जपानी शेतकरी अशा रोपाला 'मूर्ख रोप' म्हणत. तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की, ही बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव गाळून, बुरशी काढून टाकून रोपांना दिला, तरीही रोपे उंच होतात. म्हणजे उंच करणारा पदार्थ बुरशीने त्या द्रवात सोडलेला होता. याबुता यांनी १९३५ मध्ये त्याला 'जिबरेलिन' हे नाव दिले. पुढे आढळले की, हा पदार्थ नुसता बुरशीत नसतो. वनस्पती स्वतःही तो तयार करतात आणि त्याच्याच आज्ञेने त्यांची पेरे लांबतात. आपल्या नाशिककडील द्राक्षबागायतदार मणी लांबट व मोठे व्हावेत म्हणून 'जीए' फवारतात, ते हेच संप्रेरक.

झाडाच्या पेशीत जिबरेलिन एकदम तयार होत नाही. एका पदार्थापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशा पायऱ्यांनी ते बनते आणि प्रत्येक पायरीवर एक विकर काम करते. धानाचा ठेंगूपणाचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि तो यांपैकीच एका पायरीचे विकर घडवतो, हे २००२ साली स्पष्ट झाले. आखूड पायांच्या त्या जुन्या धानात या जनुकाचा ३८३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे विकर निकामी होते, काडीत जिबरेलिन कमी पडते आणि पेरे आखूड राहतात. उठ झाडात एक प्रत शाबूत असते. तिने घडवलेले विकर झाडाला पुरेसे होते. म्हणूनच ते उंच होते. 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्द आपण पाठ करतो. त्यांचा अर्थ येथे डोळ्यांना दिसतो.

मग फुलोऱ्यातही जिबरेलिन कमी पडून दाणे भरणे थांबत कसे नाही? कारण तेच काम करणारा आणखी एक जनुक धानात आहे, आणि तो फुलांत काम करतो. काडी आखूड, पण लोंबी शाबूत, हा योग त्यामुळे जुळून आला. गव्हाची गोष्ट निराळी आहे. मेक्सिकोतून आलेल्या ठेंगू गव्हात जिबरेलिन तयार होते, पण झाड त्याची आज्ञा ऐकत नाही. ठेंगू धानावर जिबरेलिन फवारले तर ते उंच होते, त्या गव्हावर फवारले तर फारसा फरक पडत नाही.

चार संशयित

आता पुन्हा आपल्या बांधीत येऊ. उंच झाडाच्या बाबतीत चार शक्यता संभवतात.

पहिली, ते रोगट आहे. फिकट, पातळ, लोंबी पोचट असेल तर ते मूर्ख रोप समजा. ही शक्यता नुसत्या पाहण्याने निकालात निघते.

दुसरी, ते देवधानाचे असेल. जिल्ह्यातल्या तलावांच्या कडेला हे रानटी धान उगवते. त्याच्या दाण्याला लांब कुसळ असते आणि दाणा पिकताच गळून पडतो. लोंबी हळूच हातात घेऊन चोळली की हेही ओळखता येते.

उरल्या दोन. एक म्हणजे खरी भेसळ: पोत्यात, मळणीच्या खळ्यावर किंवा पऱ्हे उपटताना उंच जातीचे बी अगर रोप मिसळले. दुसरी म्हणजे संकर: गेल्या वर्षी शेजारच्या बांधीतील चिन्नोरचा पराग वाऱ्याने येऊन ठेंगू धानाच्या एखाद्या फुलावर पडला. धान हे स्वपरागित पीक आहे, त्यामुळे असे क्वचितच घडते. बहुधा शेकडा एकापेक्षाही कमी. पण बांधीत झाडे हजारो आणि एका झाडाला दाणे शेकडो, तेव्हा क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. संकर झाला त्या वर्षी डोळ्यांना काहीच कळत नाही, कारण आईचे झाड ठेंगूच असते. उंची दिसते ती पुढच्या हंगामात, घरचे बी पेरल्यावर.

भेसळीचे झाड उउ असते आणि संकराचे उठ. दोन्ही उंच, शेजारी शेजारी उभी केली तर नुसत्या उंचीवरून फरक सांगणे कठीण. मग ओळखावे कसे? झाड उपटून फेकू नका. त्याच्या लोंब्या वेगळ्या कापून, चिठ्ठी लावून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात ते बी वेगळ्या वाफ्यात लावा. सगळी झाडे उंच आली तर ती भेसळ. चारांत एक ठेंगू निघाले तर तो संकर.

किती झाडे लावावीत? हा गणिताचा भाग आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. संकराच्या झाडाच्या एका दाण्यातून उंच रोप येण्याची संभाव्यता ३/४. दोन्ही दाण्यांतून उंचच येण्याची ३/४ × ३/४, म्हणजे ९/१६. असे आठ वेळा गुणले की उत्तर सुमारे १/१० येते. म्हणजे आठच झाडे लावली आणि सगळी उंच आली, तरी दहांत एक वेळा आपण फसू शकतो. सोळा झाडे लावली तर फसण्याची शक्यता शंभरात एक. चोवीस लावली तर हजारात एक. प्रत्येक आठ झाडांमागे आपली खात्री दहा पटींनी वाढते. शाळेच्या आवारातील लहानशा वाफ्यात चोवीस झाडे सहज मावतात. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून घ्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. ठेंगूपणा आणणारे जनुक धानात आणखीही आहेत. दोन ठेंगू जातींत ते वेगवेगळे असतील, तर त्यांच्या संकराची पहिली पिढी उंच निघते आणि दुसऱ्या पिढीत नऊ उंचांमागे सात ठेंगू येतात. आपल्या जातींत बहुधा तोच एक जनुक असल्याने दोन ठेंगूंच्या पोटी सगळे ठेंगूच येतात. पण वाफ्यात ठेंगू झाडे अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाली, तर ही गोष्ट आठवा.

उपटणे कोणाला पुरते?

ठेंगू धानाच्या बांधीतून उंच झाडे फुलण्यापूर्वीच काढून टाकली, तर 'उ' त्या बांधीतून पूर्णपणे जातो. कारण 'उ' लपू शकत नाही. एक प्रत असली तरी झाड उंच दिसते. तेव्हा आरंभी भेटलेल्या शेतकऱ्याने एकाच हंगामात आपले बी शुद्ध केले असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या उलट चिन्नोर पिकवणाऱ्याची स्थिती पाहा. त्याच्या उंच धानात ठेंगू जातीचा पराग आला, तर पहिल्या वर्षी काही कळत नाही, दुसऱ्या वर्षीही कळत नाही, कारण उठ झाड उंचच असते. तिसऱ्या वर्षी त्या झाडाच्या संततीत चारांत एक ठेंगू निघते. शेतकरी ठेंगू उपटतो आणि समजतो की काम झाले. पण उरलेल्या उंचांतील तीनांपैकी दोघांच्या पोटात 'ठ' शिल्लक असतो. त्यांचे बी पेरले की पुन्हा सहांत एक ठेंगू. ते उपटा, पुढच्या वर्षी दहांत एक. तेही उपटा, त्यापुढच्या वर्षी अठरांत एक. दरवर्षी उपटावे आणि दरवर्षी थोडे उगवावे! उंच, सुवासिक देशी जातींचे बी घरी राखणाऱ्यांचे कष्ट आपल्याला वाटतात त्याहून मोठे आहेत ते यामुळे.

यावर उपाय नाही असे नाही. बियाणे राखणारे लोक चांगल्या लोंब्या निवडून प्रत्येक लोंबीचे बी वेगळ्या ओळीत लावतात. ज्या ओळीत एक जरी ठेंगू झाड निघाले, त्या ओळीची आई उठ होती हे सिद्ध झाले. तेव्हा ती सबंध ओळ, तिच्यातील उंच झाडांसकट, बाद करावयाची. प्रत्येक ओळीत पुरेशी झाडे असली म्हणजे एकाच हंगामात बी जवळजवळ शुद्ध होते. किती झाडे पुरेशी, याचे गणित वर केलेच आहे.

चिन्नोर ठेंगू होईल काय?

हा प्रश्न भंडाऱ्यातील कोणीही शेतकरी विचारील. चिन्नोरचा भात बारीक आणि सुवासिक, पण झाड उंच, उशिरा पिकणारे आणि लोळणारे. त्याला आखूड पाय दिले तर? सुवासाचा मुख्य जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे आणि सुवासही अप्रभावी आहे. चिन्नोरचा सुवास त्याच जनुकाचा आहे असे धरून चालू. उंचीचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर असल्याने दोन्ही गुण परस्परांपासून स्वतंत्रपणे वाटले जातात. ठेंगू व बिनवासाच्या धानाशी चिन्नोरचा संकर केला, तर दुसऱ्या पिढीत ठेंगू झाडे १/४, सुवासिक १/४, आणि ठेंगू असून सुवासिक १/१६. सोळांत एक काही फार कमी नाही. शिवाय दोन्ही गुण अप्रभावी असल्यामुळे ते झाड या दोन गुणांपुरते लगेच शुद्धही असते.

खरी अडचण पुढेच आहे. चिन्नोरची चव, दाण्याचा बारीकपणा, शिजल्यावरचा मऊपणा हे गुण एकेका जनुकाचे नव्हेत. ते अनेक जनुकांच्या मेळातून येतात आणि संकरात तो मेळ विस्कटतो. म्हणून संकरित झाडाचा पुन्हा पुन्हा चिन्नोरशीच संकर करीत जावे लागते आणि त्यात कित्येक वर्षे जातात. दुसरा मार्ग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने व रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने दुबराजच्या बाबतीत पत्करला. दुसऱ्या जातीशी संकर न करता त्यांनी दुबराजच्याच बियाण्यात किरणोत्साराने उत्परिवर्तन घडवून आणले आणि त्यातून आखूड काडीचे, सुवास टिकलेले वाण निवडले. बाकीचे जनुक बहुतांशी जागच्या जागी राहतात हा या रीतीचा फायदा. हवे ते उत्परिवर्तन हजारो झाडांत शोधत बसावे लागते हा तोटा.

आता वहीत करावयाचे दोन प्रश्न. चिन्नोरच्या बांधीत ठेंगू झाडे उपटत गेल्यास त्यांचे प्रमाण १/४, १/६, १/१०, १/१८ असे घटत जाते हे आपण पाहिले. त्यापुढील वर्षी ते किती असेल? प्रत्येक वर्षी ठेंगू काढून टाकल्यावर उउ व उठ यांचे प्रमाण मांडा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. दुसरा प्रश्न असा: ज्या बांधीत शेतकऱ्याने उंच झाडे लोंब्या पिकल्यावर उपटली, फुलण्यापूर्वी नव्हे, त्या बांधीचे बी पुढच्या वर्षी पूर्ण शुद्ध निघेल काय?